जयाबाईंची दिव्यांची पेटी

जयाबाईंची आई सुलाबाई निपाणीच्या तंबाखू वखारीत राबली आणि तिनं लेकीला बी.एड.पर्यंत शिकवलं. शाळेत मास्तर "समजलं का?" म्हणाले की जयाबाई सगळ्यांबरोबर "व्हय" म्हणायच्या, पण भूमितीतलं काही कळलेलं नसायचं. १९८४ साली बेळगाव भागात गुंजीकडच्या एका हायस्कुलात त्या स्वतः भूमिती शिकवायला लागल्या, तेव्हा समोरच्या बावीस पोरांकडनं तसाच "व्हय" आला. बाईंनी तो बरोबर ओळखला.

त्यांचे यजमान परशराम मच्छे गावातल्या कारखान्यात वायरमन होते. त्यांनी एक लाकडी पेटी करून दिली. प्रत्येक पोराच्या हाताशी घंटीचं बटण, तिथनं वायर बाईंच्या टेबलापर्यंत आणि पेटीत बावीस टॉर्चचे बल्ब. उत्तर 'होय' असेल तर बटण दाबायचं, नसेल तर हात गप्प. दिवे फक्त बाईंना दिसायचे. चुकणाऱ्याची लाज राखली जायची आणि परत काय शिकवायचं तेही कळायचं.

हेडमास्तर नागोजीराव आधी हसले. "बाई, वर्ग हाय का लग्नाचा मांडव?"

मग इन्स्पेक्टर येणार असल्याचं पत्र आलं. नागोजीरावांनी पेटीला रंग दिला, शाळेचं नाव घातलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि बाईंच्या माघारी पोरांना बजावलं, "साहेब आलं की काय बी इचारूदे, समद्यांनी बटण दाबायचं. एक दिवा इझला तर बघा!"

साहेब आले. पेटी त्यांच्याकडं वळवून ठेवली होती. बाईंनी विचारलं, "समभुज त्रिकोणात एक कोन काटकोन असतो का?"

भराभर दिवे लागले.

"भाळ छलो!" 'फार छान' असं कन्नडात म्हणत साहेब खूश झाले. "सगळी पोरं हुशार!"

"साहेब, उत्तर चुकलंय," बाई म्हणाल्या. "तिन्ही कोन साठाचे असतात."

साहेबांनी हेडमास्तरांकडं बघितलं. नागोजीराव जराही डगमगले नाहीत. "चुकलं तरी समद्यांचं एकसारखं चुकलंय, साहेब. ही शिस्त!"

"पण हा एक लागला नाही," साहेबांनी कोपऱ्यातल्या दिव्यावर बोट ठेवलं.

"बल्ब गेलाय," म्हणत नागोजीरावांनी पेटीला दोन थापा मारल्या.

मागच्या बाकावरची एक पोरगी, यल्लव्वा, उभी राहिली. "बल्ब चांगला हाय, सर. मीच दाबलं न्हाय. काटकोन नसतोय त्यात."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'शिस्त उत्तम. एक बल्ब बदलावा.'

पुढं नव्या प्रयोगाबद्दल नागोजीरावांचा बेळगावात सत्कार झाला. पेटी एवढी मौल्यवान ठरली की तिला ऑफिसातल्या कपाटात कुलूप लागलं. बाईंनी दोनदा किल्ली मागितली. "पोरं मोडतील," असं उत्तर आलं.

तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. वर्गात येऊन म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. एका त्रिकोणात दोन काटकोन असतात का? 'होय' वाटतंय त्यांनी हात वर करा."

खिडकीतनं नागोजीराव डोकावले. "ध्यान शिकवताय व्हय, बाई?"

"व्हय, सर."

"लई चांगलं," म्हणून ते गेले.

नऊ हात चुकीचे वर आले होते. बाईंनी फळा पुसला आणि त्रिकोण पुन्हा काढायला घेतला.