नजरगहाण

"आत नको ताई, बाहेरच ठेवा!" असं म्हणत दोन्ही हात आडवे करून काका दारातच उभे राहायचे. सातपूरला माझा खोक्यांचा गाळा आणि शेजारी त्यांचा लेथ मशीनचा. मी नुसता पाना परत करायला गेले तरी माणसाला घाम फुटायचा.

भीती कागदाची होती. बँकेच्या कर्जातून लेथ घेतलं तेव्हा नजरगहाणाचा करार झाला. म्हणजे मशीन तुमच्याकडेच, चालवा, कमवा. पण हप्ते थकले तर बँक उचलून नेणार. त्यात एक ओळ होती: गाळ्यातली आजची आणि पुढे येणारी सगळी यंत्रसामग्री तारण. "पुढं येणारी, ताई! उंबऱ्याच्या आत आलं की गेलंच समजा." म्हणून सायकल बाहेर, डबा बाहेर, छत्रीसुद्धा बाहेर.

"मग तुम्ही रोज आत जाता, तुमचं काय?" मी एकदा चेष्टेनं म्हटलं.

"मी तर सही केली तेव्हाच गेलो," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील हो, पण इतकी?

त्यांची विधवा मुलगी पंचवटीत त्यांच्याचकडे राहायची, शिलाई मशीनवर दोन लेकरं पोसायची. एका पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं आणि गोदावरी गल्लीत शिरायला लागली. काका ते मशीन रिक्षात घालून गाळ्यापर्यंत आले. आत मात्र नेईनात.

"अहो, मग माझ्याकडे ठेवा!" मी ओरडले.

"तुमच्यावरबी कर्ज हाय ना, ताई? तुमचाबी कागद असंलच."

माझाही कागद होताच की! त्यांनी मशीन परत घरी नेलं, माळ्यावर चढवलं. माणसं वाचली, पण भिंत खचली आणि माळा मशीनसकट नदीत गेला.

पुढे बँकेचे साहेब काकांच्या गाळ्यात तपासणीला आले. मी धीर करून विचारलं, "मुलीचं मशीन इथं ठेवलं असतं, तर तेही तारणात गेलं असतं का हो?"

"छे! ते यांचं होतंच कुठे? स्वतःचं नाही ते माणूस तारण देणार कसं?"

काकांनी लेथ बंद केलं. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाले, "ताई, पोरीला सांगू नका." मला रडूच फुटलं.

आता काका नाहीत. मुलगी दुसऱ्याच्या मशीनवर रोजंदारीनं शिवते. परवा भेटली तेव्हा विचारलं तिनं, "मावशी, बाबा मशीन घेऊन गाळ्यापर्यंत आले होते ना? मग परत का आणलं?"

"गाळ्यात पाणी गळत होतं गं," मी म्हटलं.

"मग बरोबरच केलं बाबांनी," ती म्हणाली.