गोमाचं जादा रक्त

माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला गोमा डोंगरावर हातरिक्षा ओढायचा. १९२६ साली, तिशी ओलांडली न ओलांडली तोच, त्याचा चेहरा आणि डोळे तांबडेलाल दिसू लागले. अंगावर कढत पाणी पडलं की अशी खाज सुटे, की तो खापरीनं अंग घासून घेई. चढावर डोकं जड होऊन तोल जाई. "पिऊन येतोस," म्हणत मुकादमानं त्याला रिक्षेवरून काढलं. गोमा दारूला शिवतही नव्हता.

बायको आवडी त्याला कर्जतच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बोट टोचलं, डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, चाचपली आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या इस्पितळात धाडलं. परत आल्यावर आवडीनं सासूला सांगितलं, "हाडाच्या आतल्या मगजात रगत बनतं. याचा मगज थांबतच नाय. रगत लई झालंय, घट्ट झालंय."

"वाडीत कुनाच्या अंगात रगत नाय, नि याला जादा कसं गं?" सासू म्हणाली.

उपाय एकच, रक्त काढून टाकायचं. कर्जतचे डॉक्टर दर दोन महिन्यांनी शीर टोचून वाटीभर काळपट रक्त काढत. मग काही दिवस गोमा लाकडंसुद्धा फोडी. वर्षभरानं डॉक्टरांची बदली झाली. नव्या डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळानं दिलेली चिठ्ठी उघडलीच नाही. "हिवतापानं माणसं पांढरी पडलीत, आणि तू रक्त काढा म्हणतेस?"

मग कडावची वैदीण चंद्राबाई तुंबडी लावून रक्त ओढू लागली. पण तुंबडीत निघून किती निघणार? आवडीनं खाचरातल्या जळवा आणून त्याच्या पाठीला लावल्या. श्रावणात गोमाच्या पायांची बोटं जांभळी पडली, निखाऱ्यासारखी जळू लागली. नदीला पूर होता, कडावची वाट बंद. भरदुपारी तो म्हणाला, "आवडे, इळा घे. काप."

"माझा हात व्हत नाय."

"मंग मी कुनाला सांगू?"

तिनं विळा विस्तवावर धरला आणि त्याच्या कोपराशी चीर दिली. रक्त काकवीसारखं सावकाश उतरलं. गोमाला झोप लागली. दिवस मावळताना तो जागा झाला, तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवी बाजू हलत नव्हती.

आवडीनं कापलं म्हणून अंगावरून वारं गेलं, असं वाडी म्हणाली. खरं काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती जवळ गेली की गोमा डावा हात पुढं करी. ती तो हात धरून बसे, विळा मात्र घेत नसे. बाराव्या दिवशी तो गेला.