माटोळी, बाबा आणि माझ्या गाठी

आमच्या घरातली माटोळी आजवर दोनदा पडली आहे, आणि दोन्ही वेळा ती बांधणारा मी होतो. गणपतीने मला दोन्ही वेळा माफ केलं. आमच्या धारगळ गावाने अजून एकदाही केलेलं नाही.

(घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली, मिळतील ती फळं बांधतात. नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, शिवाय ज्यांची नावं फक्त बाबांना ठाऊक आहेत अशी लालपिवळी रानफळं. खाली देव, वर अख्खं रान! या प्रकाराला माटोळी म्हणतात. ती वरच राहावी अशी अपेक्षा असते.)

माझे बाबा वीज खात्यात लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढून ज्या माणसाने गाठी मारल्या, त्याला माटोळी म्हणजे काय हो? गोवा मुक्त झाला त्याच्या आधीच्या चवथीलाही आमच्या घरची माटोळी बाबांनीच बांधली होती, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. केवणीच्या रानझुडपाच्या सालीचा दोर हातात घेतला की त्यांची बोटं आपापली चालायला लागत. गप्पा शेजाऱ्याशी, नजर दारात, आणि वर गाठ तयार! मी खाली तोंड उघडं टाकून बघत राहायचो. जादूचे प्रयोग मी पुढे म्हापशाला पुष्कळ पाहिले, पण तसं तोंड पुन्हा कधी उघडं पडलं नाही.

अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आलो. माझ्या हातून बुटाची नाडीसुद्धा शाळेत पोचेपर्यंत टिकत नसे.

पहिली माटोळी मी कॉलेजात असताना बांधली. बाबांना ऐन चवथीच्या आदल्या दिवशी कुठेतरी तार तुटली म्हणून जावं लागलं. मी छाती काढून म्हटलं, "मी बांधतंय!" आईने देवाकडे बघितलं. केवणीचा दोर भिजवत बसायला मला वेळ नव्हता, म्हणून मी केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सुक्या पट्ट्यांनी, चौकट टांगली. दिसायला ती देखणी होती, हे मी आजही सांगतो. दुसऱ्या दिवशी आरती रंगात आली, घुमट हे आमचं मातीचं वाद्य घुमायला लागलं, आणि 'जय देव जय देव'ला एका बाजूचा सोप सुटला. चौकट तिरकी झाली. देवाच्या अंगावर पानसुद्धा पडलं नाही. सगळी फळं ओळीने, शिस्तीत, भटजींच्या बाजूला घरंगळली! तोरिंजन मोदकांच्या ताटात, चिबूड समईवर, आणि नारळाची पेंड भटजींच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. भटजींनी पेंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आरतीचं पुढचं कडवं एकदम वरच्या पट्टीत धरलं.

"पडली?" संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं. बातमी त्यांना खांबावर कळली होती.

दुसऱ्या वेळी मी नोकरीला लागलो होतो, त्यामुळे जास्त हुशार होतो. सोप नको, केवण नको, मी बाजारातून नायलॉनची दोरी आणली. "ट्रक ओढतात हिने!" मी बाबांना सांगितलं. बाबांनी फक्त दोरीवरून बोट फिरवलं. शिवाय त्या वर्षी मी हौसेने हळर्णच्या मामाकडून आंब्याच्या डहाळ्या आणून चौकटीला बांधल्या. त्या डहाळ्यांत पानं एकमेकांना चिकटवून केलेली छान गोल घरटी होती. शोभेची वाटली म्हणून मी ती तशीच ठेवली.

कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा, ती घरटी कसली असतात. हुमले! तांबडे, लांब पायांचे, आणि रागीट मुंगळे. एवढी वर्षं पेडणे तालुक्यात काढून हे फक्त मला माहीत नव्हतं.

समईची धग वर पोचली तसे हुमले खाली उतरायला लागले, आणि बरोबर खाली होते भटजी, कमरेच्या वर उघडे. मी आयुष्यात पुष्कळ धीराची माणसं बघितली, पण त्या दिवशीच्या भटजींसारखा माणूस पुन्हा बघितला नाही. मंत्र थांबला नाही! फक्त वेग वाढला. मधूनच एखाद्या अक्षरावर असा जोर यायचा की मागे बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या, "भटजी आज भावान भरान गेले गो!" शेवटी भटजी आसनावरून ताडकन उठले, त्यांचा हात चौकटीला लागला, माझ्या नायलॉनच्या गुळगुळीत गाठी एकापाठोपाठ एक सुटत गेल्या, आणि पुढचं काय सांगू? या खेपेला माटोळी सरळच खाली आली, भटजींना आणि देवाला चुकवून. देव मात्र पाटावर तसाच हसत होता.

त्यानंतर माझं नाव झालं. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो की प्रत्येक दुकानदार विचारायचा, "पडली काय रे?" माझ्या लग्नाची बोलणी करायला आमोण्याला गेलो, तर सासऱ्यांनी पगार विचारायच्या आधी विचारलं, "माटोळी पाडणारो तो हाच मरे?" तरीही त्यांनी मुलगी दिली. माझी बायको सुषमा म्हणते, तिने माझी दया येऊन होकार दिला. (मी तिला विचारलं नव्हतं, तिने आपण होऊन सांगितलं.)

पुढची कितीतरी वर्षं चवथीच्या आदल्या दिवशी मला घरात एकच काम असे, माटोळीपासून लांब उभं राहणं. हसतो मी आता, पण आतून मी खचलो होतो. ऑफिसात फाईल बांधायची झाली तरी मी शिपायाला हाक मारायचो. आपल्या हातून काही टिकत नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मग एका आषाढात बाबांचा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, व्यायाम करा. श्रावण लागला, आणि घरात कोणी न बोलता एकच प्रश्न फिरायला लागला. तो बोलून दाखवला माझ्या चुलतभावाने, दत्ताने. दत्ताचं म्हापशाला शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे.

"काका, माटोळीचो घोर सोडा. माज्याकडे प्लास्टिकची फळां इलीहत. नारळ, केळी, सगळां. एक फळ चार ग्रॅमाचां! पडली तरी कोणाक लागूचां नाय." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "धुवून परत पुढल्या वर्सा वापरूक गावतत."

बाबा जनेलातून बाहेर बघत बसले होते. प्लास्टिकचं केळं त्यांनी हातात घेतलं, हुंगलं, आणि खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. माझ्या बाबांच्या देवावर चार ग्रॅमचं केळं!

"मोहन बांधतलो," बाबा म्हणाले. मोहन म्हणजे मी.

परसातली कोंबडीसुद्धा दाणे टिपायची थांबली. आई उठली आणि तिने समई दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. चवथीला अजून महिना होता!

"बाबा, माका नको सांगू," मी म्हटलं. "माज्या हातांत तां नाय."

"हात माजेच आसत ते," बाबा म्हणाले. "तुका वापरूक दिलेत."

रात्री जेवताना सुषमा म्हणाली, "तुमचे हात वाईट नाहीत हो. तुमची घाई वाईट आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने मला कामाला लावलं. घरात टांगता येईल ते सगळं मी टांगलं. बालदी टांगली, ती पडली. भोपळा टांगला, तो सांबाराच्या टोपात पडला, आणि दोन दिवस आमच्या स्वयंपाकघराचं छत पिवळं होतं. दत्ताचं हेल्मेट टांगलं, ते दत्ताच्याच पायावर पडलं. (ते मात्र मी अगदीच चुकून केलं असं नाही.)

बाबा कदेलीवर, म्हणजे त्यांच्या त्या जुन्या हातांच्या खुर्चीवर, बसून बघायचे. हात वर जात नव्हता, तोंड मात्र चालत होतं.

"दोर भिजव. रातभर भिजव. सुको दोर कोणाचां आयकत नाय."

"भिजवलंय."

"आता ओढू नको! बैल नाय तो. दोराक दम दिऊ नको, समजावून सांग."

दोराला काय समजावून सांगणार? पण एका संध्याकाळी, कसं ते मला ठाऊक नाही, बोटं पुढे गेली, दोर मागून आला, वळला, बसला. मी हात काढला. नारळ हलला नाही. मी खाली बसून त्याच्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघितलं, नारळ तिथेच! मी सुषमाला हाक मारली, आईला हाक मारली, दारात आलेल्या पदेराला पाव ठेवायला लावून आत बोलावलं. तो बिचारा टांगलेल्या नारळाकडे बघून म्हणाला, "बरो आसा." चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एका नारळाने रडवलं, हे कुणाला सांगू नका.

चवथीच्या आदल्या दिवशी हळर्णच्या रानातून सगळं आलं. या वेळी प्रत्येक पान मी उलटून बघितलं. मग स्टुलावर चढलो. एक गाठ बाबांनी शिकवली तशी मारली. तिच्यावर भटजींच्या आठवणीची एक मारली. तिच्यावर बाजारातल्या दुकानदारांची. तिच्यावर सासऱ्यांची. संध्याकाळपर्यंत वर अख्खं रान लटकलं होतं. हिरवं, पिवळं, तांबडं, आणि तो ओल्या पानांचा, पिकल्या चिबडाचा वास! हे मी केलं? मी खाली उतरलो आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो. माटोळीखाली जायची कुणाची हिंमत होत नव्हती. माझी तर मुळीच नाही.

तेवढ्यात बाबा उठले. आखडलेल्या खांद्याने त्यांनी कदेल ओढत आणली, माटोळीच्या बरोबर मध्यावर, नारळाच्या पेंडीखाली ठेवली, आणि बसले.

"अहो!" आई ओरडली. "उठा थंयसून! त्याने बांधलीहा ती!"

"म्हणानच बसलंय," बाबा म्हणाले. "चाय हाड. उंडो हाड बुडवूक."

आईने चहा अंतर राखूनच दिला, हात लांब करून. बाबांनी उंडो, म्हणजे तो गोल पाव, चहात बुडवून खाल्ला. सावकाश. वर एकदासुद्धा बघितलं नाही. मी मात्र फक्त वरच बघत होतो. माझ्या प्रत्येक गाठीकडे बघून मी विनवत होतो, राहा गो बाई, आज राहा, खाली माझा बाप बसलाय! कप रिकामा झाला. बाबांनी तो खाली ठेवला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने घोरायला लागले.

माझ्या माटोळीखाली बाबा घोरत होते! ज्या माणसाला विजेच्या खांबावर कधी भीती वाटली नाही, त्याचं शौर्य मला त्या दिवशी कळलं. खांबावर त्याची स्वतःची गाठ होती. इथे माझी होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि कितीतरी वर्षांनी माझे हात मला माझे वाटले.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. आता म्हातारे झालेले, स्कूटरवर मुलाच्या मागे बसून. दारात त्यांनी विचारलं, "कोणी बांधली?" आईने खाली मान घालून सांगितलं. भटजी हेल्मेट न काढताच आत आले आणि तसेच आसनावर बसले. बाबा म्हणाले, "भटजीनू, मी काल हंयसर निजलंय." भटजींनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग हेल्मेट काढून मुलाच्या हातात दिलं. आरती झाली, घुमट घुमलं, दत्ताने तर मुद्दाम पाय आपटून बघितले. माटोळी जागची हलली नाही. पाचही दिवस नाही!

पाचव्या दिवशी गणपती गेला. आता माटोळी उतरवायची. आमच्या घरात माटोळीला कोयता लावत नाहीत, ज्याने बांधली त्यानेच हाताने सोडायची. मी ऐटीत स्टुलावर चढलो.

गाठ सुटेना.

भिजवलेली केवण पाच दिवसांत सुकून खडखडीत झाली होती, आणि तिच्यावर माझ्या सगळ्या गावाच्या काळज्या आवळून बसल्या होत्या. मी नखं लावली. सुषमाने केसांचा आकडा लावला. दत्ताने दात लावले आणि एक दात डॉक्टरांना दाखवावा लागला. फळं आम्ही देठापासून खुडून नातेवाइकांना वाटली, पण चौकट काही खाली येईना. दसरा झाला. दिवाळीला दत्ता आकाशकंदील घेऊन आला, आणि दुसरी चांगली जागा दिसेना म्हणून त्याने तो माझ्या चौकटीलाच टांगला.

बाबा कदेलीवरून सगळं बघत होते. "बांधूक शिकलंस," ते म्हणाले. "आता सोडूक शिक."

शिकतो आहे. चौकट अजून वरच आहे, आणि सुषमा म्हणते, पुढच्या चवथीचं निम्मं काम झालंच आहे. कालच बाजारात गेलो होतो. दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर केली, मला बघितलं, आणि सवयीने तोंड उघडलं. मी म्हटलं, "पडली नाय!" तो म्हणाला, "तां ठाऊक आसा रे. उतरली काय?"