खांबामागची खुर्ची

आमच्या मामाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि उभा जन्म त्याचा गेला फुटबॉलच्या मैदानात. जुन्या लाकडी स्टँडच्या फाटकावर तो तिकिटं फाडायचा आणि कुणी कुठे बसायचं ते ठरवायचा. खोकणाऱ्याला कडेला, शिव्या देणाऱ्याला वरच्या रांगेत, भांडून आलेल्या नवराबायकोला अशा जागा की मध्ये खांब यावा. छपराला टेकू देणारे जाड लोखंडी खांब तिथे रांगांमध्येच उभे होते. माणूस जागेवर बसला की मामा फाटकातून हात वर करायचा. म्हणजे बरोबर बसलात.

मामी तेवढी ऐकायची नाही. अख्खं स्टँड मोकळं असलं तरी ती नेमकी एका खांबामागे बसायची. तिथून एक गोलपोस्ट दिसत नाही, दुसरा अर्धाच. मामा म्हणायचा, देव अक्कल वाटत होता तेव्हाही ही खांबामागेच बसली असणार.

त्या स्टँडची एक रीत होती. खुर्च्यांच्या बैठका स्प्रिंगच्या, माणूस उठला की फटकन वर जाणाऱ्या. नेहमीचा कुणी प्रेक्षक वारला की मामा त्याची बैठक खाली पाडून तिच्यावर वीट ठेवायचा, आणि हंगाम संपेपर्यंत तिथे कुणाला बसू द्यायचा नाही.

एका दुपारी फाटक उघडण्याआधी तो रांगा बघत फिरत होता. मामीची खुर्ची खाली होती. वीट नव्हती. त्याने बैठक वर ढकलली, स्प्रिंग ठणठणीत होती. रांगेच्या टोकाला जाऊन वळून पाहिलं, तर पुन्हा खाली. आवाजसुद्धा झाला नव्हता.

मामी आली तेव्हा तो म्हणाला, आज मधल्या रांगेत बस. ती ऐकेना. मग मामाने, ज्याने बायकोवर कधी आवाज चढवला नव्हता, चारचौघांत तिला झापलं. ती फुगून मधल्या रांगेत गेली. सामना सुरू झाल्यावर त्याने फाटकाला कुलूप लावलं आणि स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसला. जे काही यायचं ते आपल्यावर येऊ दे, हिच्यावर नको, एवढाच त्याचा हिशेब.

मैदान जवळजवळ दिसतच नव्हतं. खांब आणि कठड्याच्या फटीतून एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे फाटक. ही इतकी वर्षं काय बघत होती ते त्याला तेव्हा कळलं, आणि त्या वयात तो लाजला.

मग त्याला दिसलं की फाटकात कुणीतरी उभं आहे. पाठमोरं. तपकिरी कोट, कोपरावर मामीने लावलेलं निळं ठिगळ. मामाने आपला कोपर चाचपला. कोट त्याच्याच अंगात होता. फाटकातला माणूस सावकाश वळला, त्याने वर पाहिलं आणि हात उचलला.

हे सगळं मामाने त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं. चहा निवून गेला होता. मला वाटलं तो घाबरला असेल, पण त्याचा चेहरा पोरीचं लग्न पार पडल्यासारखा मोकळा होता.

"खुर्ची तिच्यासाठी नव्हती गं," तो म्हणाला. "माझ्यासाठी होती."

मी चिडले. दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासून पाहिलं, काही सापडलं नाही. हंगाम संपायच्या आत मामा गेला, फाटकावरच, कुणाचं तरी तिकीट हातात धरून.

पुढच्या सामन्याला मी मामीबरोबर गेले. मामाची अशी खुर्ची कधी नव्हतीच, म्हणून तिने आपल्या शेजारची बैठक पाडून तिच्यावर वीट ठेवली आणि खांबामागे बसली. सामना सुरू झाला. नव्या माणसाने फाटकाला कुलूप लावलं आणि तो निघून गेला. मी म्हटलं, मामी, मधल्या रांगेत चल, मामाचंही तेच म्हणणं होतं. इथून काही दिसत नाही.

मामीने फटीतून नजर काढली नाही. पदर सारखा करून तिने हात जरासा वर केला, कुणाला तरी उत्तर द्यावं तसा.

"हे दिसतायत की," ती म्हणाली.