पंख्याजवळचा आवाज

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. छप्पन साली बाबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आमच्या घरातून देव गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. तेव्हा हे वाचून कुणी मला उतारे-बितारे सुचवू नयेत... डोकं आधीच तापलेलं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सोनेगावला, मोठ्या विमानतळाच्या एका कडेला खासगी विमानांचं हँगर होतं. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण डिसेंबरात अधिवेशन भरलं की तिथे विमान उभं करायला जागा मिळायची नाही – मंत्री, गिरणीवाले, सावनेरकडचे कोळशाचे ठेकेदार. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तिथे मेकॅनिक. मी त्याच्या हाताखाली.

जुन्या छोट्या विमानांना स्टार्टर नसायचा. पुढचा पंखा हातानं फिरवावा लागायचा. आधी इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायला बंद स्विचवर दोन-चार फेरे, मग स्विच चालू करून एक झटका. म्हणून हात लावण्याआधी मेकॅनिकनं ओरडून विचारायचं, "स्विच ऑफ?" पायलटनं बघून सांगायचं, "ऑफ!" मगच हात. दादा यात इतका पक्का की बाकीचे त्याची टर उडवायचे.

त्या दिवशीही त्यानं विचारलं. मी दहा पावलांवर होतो, माझ्या कानांनी ऐकलं. एका सेठच्या पायलटनं घड्याळाकडे बघत "ऑफ" म्हटलं. स्विच चालू होता. पंखा उसळला आणि दादा जागच्या जागी गेला.

चौकशीत काय लिहिलं? 'मेकॅनिकने विचारले नाही.' माझी साक्ष? छे, भाऊ भावाच्याच बाजूनं बोलणार! वर चौकशी करणारा साहेब मला म्हणतो, "तुम लोग जल्दबाजी करते हो." तुम लोग!! वहिनी दर महिन्याला त्या ऑफिसात जायची. "तेवढी एक ओळ खोडा ना साहेब, दुसरं काहीच नको मले."

वर्षभरानं – भर दुपारी – तेच विमान, तोच पायलट, आणि पंख्यापुढे मी. नोकरी होती, करतो काय? त्याचं तोंड दिसलं आणि मी नजर पंख्याकडे वळवली. तो आतून खेकसला, "चल, घुमा!" आणि मी... मी न विचारताच हात उचलले.

तेवढ्यात माझ्या खांद्यापाशी आवाज आला. "स्विच ऑफ?"

दादाचा आवाज!

पायलट सवयीनं म्हणाला, "ऑफ!"

पुन्हा, जोरात – "स्विच ऑफ?" माझं तोंड बंद होतं, शपथेवर सांगतो. पेट्रोल भरणारे काका माझ्याकडे टकमक बघत होते. "अबे, तू तं बोलूनच नाही राहिला! मंग कोन बोलून राहिलं?"

तिसऱ्यांदा आवाज आला तो चांगलाच चिडलेला. आता कुठे पायलटनं मान खाली घालून बघितलं. स्विच चालू होता.

तो बंद करून खाली उतरला आणि चाकाशी बसून सगळ्यांदेखत रडला. "उस दिन भी पूछा था उसने. मैंने देखा ही नहीं."

मी धावत ऑफिसात गेलो. साहेब हसला. "भूत की गवाही लिखूं?" अरे, भूत सोड, पायलट बोलला ते लिही! पण दुसऱ्या दिवशी पायलटला काहीच आठवत नव्हतं. सेठनं आठवू दिलं नाही, दुसरं काय.

वहिनीला सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाली, "मले काहून सांगता भाऊजी? त्यायनं इचारलं होतं, हे मले माहीतच होतं. त्या साहेबाले सांगा."

तो आवाज कुठून आला, मला आजतागायत कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल, तर खुशाल स्वतःजवळ ठेवा. मला ते कधीच नको होतं. मला त्या कागदावरची एक ओळ खोडून हवी होती. वहिनी वाट बघत बघत गेली... ओळ तशीच आहे.