झिक्रीतच्या घळीची नोंद

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारा माणूस. आयुष्यभर टाइमकीपरची नोकरी केली. जे हजेरीबुकात नाही ते झालंच नाही, असा आमचा खाक्या! त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे... पण कतारला, अल खोरमध्ये राहणारी माझी नात गेल्या हिवाळ्यात म्हणाली, "दादा, लेट्स गो टु झिक्रीत," आणि मी नको म्हटलं. का, ते तिला सांगावं लागलं. मग तुम्हालाही सांगतो.

साठच्या दशकाची सुरुवात. आम्ही रत्नागिरीकडची काही मंडळी तेव्हा कतारच्या पश्चिम किनाऱ्याला, दुखानच्या तेलाच्या कॅम्पवर होतो. मी चोवीस वर्षांचा, टाइम ऑफिसात. सगळे मला मुनशी म्हणत. माझे दुल्हाभाई, म्हणजे मोठ्या बहिणीचे, आपाचे नवरे, तिथेच मेकॅनिक. त्यांना मीच हट्टानं बोलावून घेतलं होतं. आपाच्या प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला – 'यांना जप. हे कुणालाच नाही म्हणत नाहीत.'

कॅम्पचा एक नियम होता. टाइम ऑफिसात एक मोठा फळा, त्यावर 'आत' आणि 'बाहेर' अशा खिळ्यांच्या दोन ओळी. प्रत्येकाच्या नंबरचा पितळी बिल्ला. वाळवंटात जायचं तर बिल्ला 'आत'मधून काढून 'बाहेर' लावायचा आणि रजिस्टरात लिहायचं – कुठे, किती माणसं, किती वाजता. वेळेत परतला नाहीत की शोधायला गाडी निघे. हा नियम पाळून घेणारा मी! बिल्ला विसरला म्हणून मी साहेबालासुद्धा दारातून परत बोलावलं आहे.

त्या ऑगस्टात सर्व्हेची कामं बंद होती. सर्व्हेवाल्यांचं कारवान, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, दुरुस्तीला आलं होतं. आत दोन बाकडी, स्टोव्ह, पाण्याची टाकी. शुक्रवारी सकाळी दुल्हाभाई ते लँडरोव्हरला जोडून, जरा फिरवून बघणार होते. माझ्या डोक्यात किडा वळवळला. झिक्रीतच्या पुढे चुनखडीच्या टेकड्यांत एक घळ आहे, असं ऐकून होतो. माझा जन्म घाटाच्या पायथ्याचा. दोन वर्षांत चढायला एक दगड मिळाला नव्हता हो!

"चला ना दुल्हाभाई. घळ बघू, उन्हाच्या आत परत."

"अरं, आगस्टात कोन जातां तिकडं? थंडीत जाव."

"थंडीत साहेबलोकांची गर्दी. आत्ता सगळी घळ आपली."

ते हसले. नाही म्हणणं जमायचंच नाही त्यांना. गाडीत बसताना एवढंच विचारलं, "बिल्लं लावलंस ना?"

"टाइमकीपर मी आहे की तुम्ही?" मी म्हटलं.

खरं सांगतो, लावले नव्हते. 'बाहेर' लावले तर कारवान कुठे नेलं याची चौकशी झाली असती. 'आत' ठेवले तर खोटी नोंद – तेही मनाला पटेना. म्हणून दोन्ही बिल्ले काढून सरळ खिशात टाकले. रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. स्वतःला फार हुशार समजत होतो.

घळ लहानशीच निघाली. दोन्ही बाजूंना पांढरट कडे, वाऱ्यानं कोरलेले, मधे अरुंद वाट. मी पोरासारखा वर चढलो. दुल्हाभाई "सांभाळ रं" म्हणत मागून आले, आणि त्यांच्याच पायाखालचा दगड सुटला. नडगी मोडली. आवाज मला ऐकू आला.

त्यांना पाठीवर घेऊन कारवानपर्यंत आणायला तास-दीड तास लागला असेल. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्यांना पाय टेकवत नव्हता. चालत कॅम्प गाठावा तर वर ऑगस्टचं ऊन. टाकी उघडली – तळाला जेमतेम तांब्याभर पाणी. टाकी भरलेली आहे का, हेही मी पाहिलं नव्हतं. कारवानचा पत्रा तापलेला, म्हणून आम्ही त्याच्या सावलीत खाली बसलो.

"बिल्लं हायत ना फळ्यावर," दुल्हाभाई शांतपणे म्हणाले. "मंग येतील."

मी खिशातून दोन्ही बिल्ले काढून त्यांच्या हातावर ठेवले. आपाला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी बिल्ले पालथे करून पाहिले, मला परत दिले.

"मंग आता लिव," म्हणाले.

"कुठे?"

"तुजा कामच लिवायचा. लिव."

तापात बोलताहेत असं वाटलं. पण हाताला काहीतरी काम हवं होतं. मी धुळीत बोटानं लिहिलं, रजिस्टरात लिहितो तसंच इंग्रजीत – 'झिक्रीत'. मग ते खोडून 'झिक्रीतच्या पुढची घळ'. 'दोन माणसं. एकाला चालता येत नाही. स्ट्रेचर आणा.' लिहून झालं आणि मी रडलो. वाऱ्यानं अक्षरं हळूहळू पुसली.

दुपार कलायच्या आधी धूळ दिसली. कॅम्पची गाडी! ड्रायव्हर, आमचा गोव्याचा कंपाउंडर, आणि मागे स्ट्रेचर. पाण्याच्या डब्यांसकट. पाय बांधताना मी कंपाउंडरला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आपने ही तो लिख के रखा है, मुनशीजी!"

झालं असं – शुक्रवारची नमाज आटोपून म्हातारा पहारेकरी ऑफिसात डोकावला. त्याला दोन खिळे रिकामे दिसले, बिल्ले ना आत ना बाहेर. म्हणून त्यानं रजिस्टर उचलून कंपाउंडरकडे नेलं.

कॅम्पवर आल्यावर मी आधी ते पान उघडलं. शेवटची ओळ माझ्या पेन्सिलीची, माझ्या अक्षरातली. 'झिक्रीत' लिहून खोडलेलं... पुढे शब्दन् शब्द तोच. टाइम ऑफिसची एक चावी माझ्या खिशात होती, दुसरी पहारेकऱ्याच्या कमरेला, आणि त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

दुल्हाभाईंचा पाय बरा झाला. जरा लंगडत, पण चांगलं म्हातारपण बघून गेले. आपाला आम्ही 'गॅरेजात पडले' एवढंच सांगितलं. मी कधी हा विषय काढला की ते खांदे उडवायचे, "तू लिवलंस, कुनीतरी वाचलान. खलास."

नातीनं सगळं ऐकून विचारलं, "बट दादा, हू रोट इट?"

मीच लिहिलं. ते अक्षर मी कुठेही ओळखेन. पण कधी, ते विचारू नका. त्या ओळीपुढचा निघाल्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. संध्याकाळी मी दोन्ही बिल्ले 'आत'च्या खिळ्यांना लावले, परतीची वेळ लिहिली, आणि पेन्सिल घेऊन त्या कोऱ्या रकान्यासमोर बराच वेळ बसलो. शेवटी तसाच सोडला. माझ्या सगळ्या नोकरीत कोरा राहिलेला तेवढा एकच.