गोल पोटाचं उपाशी पिल्लू

"हिचं पोट भरलेलं नाही, जंतांनी फुगलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी मांजरीच्या पिल्लाचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढऱ्या होत्या. याला अॅनिमिया म्हणतात, म्हणजे अंगात रक्त कमी असणं. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण आठशे ग्रॅमचं असतं. आमचं त्याच्या निम्मंच होतं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. असं काही लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. कोणाकडे असं पिल्लू आलं तर उपयोग होईल म्हणून लिहिते. आणि खरं सांगायचं तर रागानेही लिहिते.

पिल्लू तुमसरच्या एका राइस मिलमधलं. बाबा तिथे पोती उचलतात. मिलमध्ये उंदरांसाठी मांजरी ठेवतात, पण त्यांना खायला घालत नाहीत. पोट भरलं तर मांजर उंदीर धरत नाही, असं सगळे मानतात. आई मेलेल्या पिल्लालाही तोच नियम. चारी बाजूंना तांदळाच्या थप्प्या आणि मध्ये हा जीव उपाशी! मी बाबांचा डबा द्यायला गेले तेव्हा ते पोत्यांच्या आड पडलेलं होतं. ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

माझ्या आईने तिला दूध घालून तांदळाची पेज पाजली. आमच्याकडे कोणीही अशक्त झालं की पेजच देतात. पोट गोल झालं. शेजारची काकू म्हणाली, "पाह्य वो, कशी गुबगुबीत झाली!" आम्हीही खूश. पाठीवरून हात फिरवला तर मणके टोचत होते, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग जुलाब सुरू झाले.

जनावरांच्या दवाखान्यात गाई-बैलांची गर्दी होती. तिथला एक मदतनीस माझ्या पिशवीत डोकावून ओरडला, "हे किती लिटर दूध देते वो?" सगळे हसले. त्याला द्यायला मला दहा उत्तरं सुचली, पण घरी आल्यावर.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गाईचं दूध बंद करायला सांगितलं, कारण त्यातली लॅक्टोज नावाची साखर अनेक पिल्लांना पचत नाही. पेजेनं पोट भरतं, पण अंगावर मांस चढत नाही. मांजराला प्रोटीन लागतं. म्हणून पिल्लांचं तयार खाणं, नाहीतर उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी. त्यात मीठ, कांदा, लसूण नको. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. डीवर्मिंग म्हणजे जंतांचं औषध. ते वजन पाहून डॉक्टरच देतात, माणसांची गोळी मोडून देऊ नका.

औषधानंतर वजन उलट घटलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी रोज टोपलीत ठेवून काट्यावर तिचं वजन करायची. दुकानदार म्हणायचे, "का भाव लावू वो इचा?" त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले. घाबरून मॅडमना फोन केला.

"जुलाब थांबले? खाते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जंत पडले म्हणून घटलंय. थोडा धीर धरा."

धीर धरणं हेच सगळ्यात कठीण. मग काटा हलायला लागला. एके दिवशी दहा ग्रॅम, एके दिवशी काहीच नाही. हिरड्या गुलाबी झाल्या. ती माझ्या चपलेवर झडप घालू लागली.

तेवढ्यात मिलचे दिवाणजी बाबांना बोलवायला घरी आले. त्यांनी तिला पाहिलं. "अरे, हे तं आपल्या मिलची! तयार झाली आता. उद्या आणून सोड, उंदीर लय झाले."

"तिथे तिला खायला देणार का?" मी विचारलं.

"खायले देलं तं काम कोन करन?" ते हसले.

बाबांचं काम यांच्याच हातात. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा खाली पाहत म्हणाले, "नाही आनत जी."

"मांजरीपायी मले नाही म्हनून राहिला का बे?"

"हव जी."

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी बाबांना दुपारपर्यंत गेटबाहेर बसवून ठेवलं. त्याचा राग मला अजून आहे. मॅडमचे उपकार आहेत, तेही विसरणार नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी तिला पहिल्यांदाच उचललं. दिवसभर पोती उचलणारा माणूस. म्हणाले, "लयच जड झाली वो हे."